पांढऱ्या ठिपक्यांचे सर

कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी चपला काढायच्या हा नियम त्या काळी सगळीकडेच होता. आमच्या सरांचा नियम त्याच्या पुढचा होता. आत आल्यावर, मशीन सुरू करण्याआधी, प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायचं, "मी पावणा हाय." मुलींनी "मी पावणी हाय" म्हणायचं. पहिल्या वर्षाची पोरं हसायची. सर दारात हाताची घडी घालून उभे राहायचे आणि हसू संपेपर्यंत मेन स्विचकडे जायचेच नाहीत.

"पावण्यानं घरात जेवावं, झोपावं, पसारा करावा," ते सांगायचे. "पन भिताडाला खिळा ठोकायचा नाय. भिताड आपलं न्हाई."

नारायणगावजवळच्या, वारूळवाडीच्या बाजूच्या त्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. मी आळ्याची. फाट्यावरून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचे. सर माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, मूळचे निरगुडसरचे आणि मूळचे गणिताचे. कॉलेजात पहिली मशीनं आली तेव्हा कुणी हात लावायला धजेना, म्हणून ती गणितवाल्याच्या गळ्यात पडली. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर असायचा. हजेरीच्या वेळी पेन ते माझ्याकडून मागून घ्यायचे आणि परत देताना त्याचं टोपण स्क्रू ड्रायव्हरला बसतं का ते एकदा बघायचे.

इंग्रजीतली जाडजूड मॅन्युअलं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. वर्गात बोलत मात्र घरची भाषा. प्राचार्यांनी एकदा सुचवलं, की वर्गात जरा शुद्ध बोलत जा. सर म्हणाले, "बोलतो की. पन मग पोरं माझ्या तोंडाकडं बघत्यात, फळ्याकडं बघत न्हाईत." प्राचार्यांनी विषय सोडला.

त्यांचं जेवण भारनियमनावर चालायचं. वीज असताना जेवणं म्हणजे त्यांच्या लेखी वीज वाया घालवणं. लाईट गेली की डबा उघडायचा, मग सकाळचे दहा असोत की दुपारचे तीन. एकदा कुणी मंत्री तालुक्यात येणार होते म्हणून दिवसभर वीज गेलीच नाही. चार वाजता सरांचा आवाज चढला, पाच वाजता त्यांनी शिपाई बबनला उगाच झापलं. शेवटी बबनच मेन स्विच पाडून आला आणि म्हणाला, "लाईट गेली सर, जेवून घ्या." सर निमूट जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "बबन, आता चालू कर. आन् असं परत करू नगंस. मशीनला कळतं."

आता त्या पाहुण्याच्या शपथेमागचं खरं कारण सांगते.

आमची मशीनं जुनी, कुठल्या तरी कंपनीनं टाकून दिलेली. फरशीला ओल धरायची म्हणून ती टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटवर मांडलेली होती. मुलं शिकता शिकता काहीबाही पुसायची, कुणाच्या फ्लॉपीतून व्हायरस यायचा, आणि दर शनिवारी सर सगळ्या मशिनांवर सगळं पुन्हा पहिल्यापासून भरत बसायचे. याला कंटाळून ते विंडोज सोडून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीकडे वळले. तिथं त्यांना एक प्रकार सापडला, आणि पुढची काही वर्षं त्यांचं दुसरं कशात लक्ष लागलं नाही.

तो प्रकार त्यांनी मला स्टाफरूममध्ये समजावला. सरांचे वडील जमीन मोजणी खात्यात होते, त्यामुळे नकाशे आणि बटर पेपर त्यांच्या घरचेच. त्यांनी पिशवीतून एक नकाशा काढला आणि त्यावर बटर पेपर पसरला.

"बाई, ह्यो खालचा नकाशा. ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. ह्यो वरचा कागद पोराचा. त्यानं काय पन खरडावं. वरनं बघितलं तर दोनी मिळून एकच चित्र दिसतं का न्हाई? वरचा कागद फेकून दिला की खालचा नकाशा जसाच्या तसा."

"आणि खालची एखादी विहीर पुसायची असेल तर?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. बहुतेक हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून ते वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडून खाडाखोडीची पांढरी शाई घेतली आणि बटर पेपरवर, नेमका त्या विहिरीवर, एक ठिपका दिला.

"खालची हीर तिथंच हाय. पन दिसत न्हाई. आता पोराला वाटतं, म्या हीर पुसली."

मशिनातही तसंच होतं. खालच्या थरात सगळी मूळ व्यवस्था, तिच्यावर लिहायला बंदी. वर प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा कोरा थर. परदेशातल्या कुठल्या तरी विद्यापीठातल्या मुलांनी हे लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. सरांनी ते उतरवून घेतलं, आमच्या दमेकरी मशिनांच्या मापाचं होईपर्यंत उसवलं आणि पुन्हा शिवलं. अडलं की ते त्या लोकांना मेल करायचे, इंग्रजीत, आणि सुरुवात नेहमी 'रिस्पेक्टेड सर' अशी. पलीकडून एकदा उत्तर आलं, की मी एकवीस वर्षांचा विद्यार्थी आहे, मला नावानं हाक मारा. सर अस्वस्थ झाले. "वळख न्हाई पाळख न्हाई, एकदम नाव कसं घ्यायचं?" पुढच्या मेलमध्ये त्यांनी त्याच्या नावापुढे 'भाऊ' लावलं. तो बिचारा कित्येक दिवस ते आपल्या नावाचंच काहीतरी समजत असावा.

काम मात्र पक्कं झालं. पोरांनी काहीही गोंधळ घातला तरी वरचा थर काढून टाकायचा, नवा द्यायचा, की मशीन कोरं. सरांचे शनिवार मोकळे झाले. त्या शनिवारीही ते लॅबमध्येच असायचे, पण आनंदात.

मग ती प्रॅक्टिकलची परीक्षा आली.

पुण्याहून आलेले परीक्षक मध्यम वयाचे, मोजकं बोलणारे आणि कामात चोख होते. मी कॉलेजच्या बाजूची परीक्षक. परीक्षेसाठी प्रत्येक मुलाला कोरा थर दिला होता. पण सरांनी खालचा थर स्वतःच्या मशिनावरून बनवला होता, आणि त्यात 'प्रॅक्टिकल' नावाच्या फोल्डरमध्ये गेल्या वर्षांची सोडवलेली उदाहरणं राहून गेली होती. हे त्यांच्या सकाळीच लक्षात आलं होतं. खालच्या थराला हात लावायचा नाही हा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी परीक्षकांच्या देखतच मुलांना सांगितलं, "आधी ते फोल्डर पुसा, मग त्याच नावाचं नवं करा."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. सरांनी लगेच बटर पेपर काढला. परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकलं, मग प्रत्येक मशिनापाशी जाऊन फोल्डर रिकामं असल्याची खात्री केली. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. "बाकीच्या कॉलेजांनाही दाखवण्यासारखं आहे. मी वर कळवतो." सरांनी माझ्याकडे बघितलं. दाराशी उभ्या बबनकडेसुद्धा बघितलं.

सविता उशिरा आली. ती भीमाशंकराकडच्या डोंगरातली, घरी भात आणि नाचणीची शेती. घोडेगावच्या वसतिगृहात राहून एसटीनं यायची, आणि त्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली होती. ती धापा टाकत आली, शपथ म्हणाली आणि मशीन लावून बसली. परीक्षकांची फेरी तोवर झाली होती. सरांनी तिला घाईत सांगितलं, "जुनं पुस, नवं कर." तिनं केलं असेल नसेल, तोच लाईट गेली. वेळापत्रकात नसताना गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच मेलेल्या होत्या.

काही वेळानं वीज आली, मुलांना वेळ वाढवून मिळाला, परीक्षा पुढं सरकली. शेवटी परीक्षक एकेकाचं काम बघत सवितापाशी आले. त्यांनी तिचं फोल्डर उघडलं. आत तिचा अर्धवट प्रोग्रॅम होता, आणि त्याच्या भोवती गेल्या वर्षांची सगळी सोडवलेली उदाहरणं होती. तिच्या चिठ्ठीवर आलेला प्रश्न तर जसाच्या तसा सोडवलेला.

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

सविता पडद्याकडे बघतच राहिली. "मी पुसलं व्हतं, सर."

"मग हे आलं कुठून?"

"म्हाईत न्हाई. लाईट आल्यावर फोल्डर उघडून न बघताच लिवाया बसले. मी पुसलं व्हतं."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. "तुमच्या पद्धतीत पुसलेलं परत दिसू शकतं?"

"न्हाई," सर ताबडतोब म्हणाले. "ठिपका बसला की बसला. पोरी, घाईत पुसायचं राहिलं आसंल तुझं."

"न्हाई सर. पुसलं, नवं केलं, आन् लाईट गेली."

"राहिलंच आसंल."

सवितानं परत पडद्याकडे बघितलं. प्राचार्यांना बोलावलं गेलं. कॉपीची केस म्हणजे तिचं ते वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वडील पुन्हा पाठवणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षक कठोर नव्हते. पण डोळ्यांसमोर दिसत होतं त्याचं ते तरी काय करणार? त्यांनी तिला शांतपणे बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं आणि कागद पुढे ओढले.

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी त्यांना बघत होते. त्यांनी पिशवीतून तोच नकाशा काढला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला, बटर पेपर पसरला. नखानं तो पांढरा ठिपका खरवडला. विहीर पुन्हा दिसायला लागली. ते तसेच विहिरीकडे बघत उभे. मग वळले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता.

"साहेब, जरा थांबा. लिहू नगा."

"बोला."

"त्याच नावाचं नवं फोल्डर करायचं, तर आधी पांढरा ठिपका काढावा लागतो. न्हाईतर नवं पन झाकून जाईल. ठिपका निघाला की खालचं जुनं वर डोकावनार. म्हनून नव्या फोल्डरला आतनं एक खूण करावी लागती, की खालचं दाखवू नगं. मूळच्या कोडात ती लगेच होती. आमची मशीनं हळू, म्हनून म्या ती खूण जरा सवडीनं करायची सोय केली. ठिपका निघाला आन् खूण व्हायच्या आत लाईट गेली, तर..." ते थांबले. "तर पोरगी खरं बोलतीय."

"तर," परीक्षक म्हणाले. "हे झाल्याचं दाखवता येईल?"

प्राचार्य मध्ये पडले. "अहो सर, आत्ताच साहेब आपलं नाव वर कळवणार म्हणाले आणि तुम्ही..."

"दाखवतो," सर म्हणाले. "बबन, मेन स्विचपाशी जा. मी 'पाड' म्हनलो की पाडायचा."

मुलांची परीक्षा आटोपली होती. सविताच्या मशिनाला हात न लावता सर शेजारच्या मशिनावर बसले. जुनं पुसलं, नवं केलं. "पाड!" खोली अंधारली, पंखे थांबले. वीज परत, मशीन सुरू व्हायची लांबण, फोल्डर उघडलं. रिकामं. पुन्हा केलं. पुन्हा रिकामं. दर वेळी ते सुरू होताना डिस्क कुरकुरत होती, आणि प्राचार्यांना ती डिस्क गेल्याचा भास होत होता. "सर, पुरे," ते म्हणाले. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं. सरांच्या पाठीवरचा शर्ट घामानं चिकटला होता. आपलं काम चुकीचं आहे हे सिद्ध करायला कुणी इतका जीव काढताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग बाकावरून सविताचा आवाज आला. "सर, तुमी लई थांबता."

सगळे वळले.

"मी नवं फोल्डर केलं आन् लगीच लाईट गेली. तुमी आधी बघता झालं का, मग 'पाड' म्हनता."

सरांनी खुर्ची मागे सारली. "मग तूच कर. तू केलंस तसं."

परीक्षकांनी मान हलवून परवानगी दिली. ती येऊन बसली. तिनं जुनं पुसलं, नवं केलं आणि बटण दाबल्याबरोबर सर ओरडले, "पाड!" मशीन सुरू झालं. यावेळी नवं फोल्डरच नव्हतं, फार लवकर पाडलं होतं. पुन्हा केलं. या खेपेला सर एक श्वास थांबले आणि मग ओरडले.

मशीन सुरू झालं. सवितानं फोल्डर उघडलं, आणि गेल्या वर्षांची सगळी उदाहरणं ओळीनं पडद्यावर उभी राहिली.

"आलं!" सर एकदम ओरडले. आपण कशाला आनंद झाल्यासारखे ओरडलो हे त्यांना बहुतेक दुसऱ्या क्षणी कळलं. ते पुन्हा म्हणाले, हळू, "आलं बघा, साहेब. चूक माझी हाय. पोरीची न्हाई."

परीक्षक वाकून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग सवितासाठी त्यांनी नवी चिठ्ठी काढायला लावली. ऑफिसातल्या मशिनावर, जिथं हे थर वगैरे काही नव्हतं, तिथं तिची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली. सरांना ते म्हणाले, "मला अहवालात लिहावं लागेल, की ही व्यवस्था परीक्षेसाठी योग्य नाही."

"लिहा," सर म्हणाले. "बराबर हाय."

त्या सुट्टीत सरांनी स्वतःच सगळ्या मशिनांवरून आपलं काम काढून टाकलं. प्राचार्यांनी सांगायच्या आतच. मी मदतीला गेले तर मला त्यांनी क्रेट पुसायला दिले. पुढच्या वर्षी दर शनिवारी मशिनांवर सगळं पुन्हा भरणं सुरू झालं, आणि लॅबमधली शपथही बंद झाली. "आता पावणं कसलं," ते म्हणाले, "आता जो तो मालक."

पण घरच्या एका मशिनावर त्यांनी काम चालू ठेवलं. मला ते येता जाता सांगत. नवं फोल्डर आधी आतल्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी बनवायचं, तिथंच त्याला खूण करायची, आणि सगळं झाल्यावर एका झटक्यात आणून ठिपक्याच्या जागी ठेवायचं. मधल्या मध्ये लाईट गेली तरी एक तर जुना ठिपका राहील, नाही तर पूर्ण नवं फोल्डर. अर्धवट काही राहणार नाही. हे त्यांनी मूळ काम लिहिणाऱ्या त्या परदेशातल्या लोकांना कळवलं. सोबत लिहिलं, की आमच्याकडे वीज रोज जाते. पलीकडून दोन दुसऱ्याच चुका दाखवणारं उत्तर आलं. सरांनी त्या मान्य करून सुधारल्या. शेवटी तसाच काहीसा बदल मूळ कामात झाला, पण वेगळ्या माणसाच्या हातून, आणि सरांचं नाव कुठं आलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं. ते थोर वगैरे नव्हते. बरेच दिवस मेल उघडायला गेले नाहीत, आणि मी विषय काढला तर टोमॅटोच्या भावाबद्दल बोलायला लागायचे. मग एक दिवस स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "बाई, फोल्डरचं नाव बदलताना आनखी एक घोळ हाय त्यांच्यात. कळवायला पायजे." आणि पुन्हा सुरू झाले.

त्या परीक्षेच्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

ऑफिसात सविताची परीक्षा चालू होती तेव्हा सर बाहेर पायऱ्यांवर बसून होते. मीही जाऊन बसले. ती बाहेर आली तसे ते धडपडत उठले.

"कसा गेला?"

"बरा गेला, सर. चालला प्रोग्रॅम." ती जायला निघाली, मग थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, तुमी 'राहिलंच आसंल' म्हनला ना, तवा मला पन तसंच वाटाया लागलं. मनात आलं, आपन पुसलंच नसंल. आपल्यालाच भास झाला आसंल."

ती एसटीसाठी फाटकाकडे गेली. सर उभेच होते. नंतर पायरीवर बसले.

"बाई," म्हणाले, "त्या पोरीनं सवताच्या डोळ्यांनी बघितलं व्हतं. आन् माझ्या एका शब्दानं तिला ते खोटं वाटाया लागलं."



लॅबमध्ये रोज कुणी ना कुणी पोरगं म्हणतंच, "सर, मी काहीच नाही केलं, आपोआप झालं." आम्ही बाकीचे शिक्षक हसतो. त्या परीक्षेनंतर सर जितकी वर्षं कॉलेजात होते, तितकी वर्षं मी त्यांना त्या वाक्यावर हसताना पाहिलं नाही. हातातलं काम टाकून ते खुर्ची ओढायचे, त्या पोराशेजारी बसायचे आणि म्हणायचे, "दाखव."